उतारावरची चावी

"म्हातारा उतारावर चावी काढून पोरांच्या हातात देतो. तेवढं ध्यानात ठिव," असं आत्या मला मागच्या दिवाळीत म्हणाल्या होत्या, आणि मी हसले होते.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, सारजाबाई. त्या मेथी निवडत होत्या, मी शेंगदाणे भाजत होते. मला वाटलं, जुनी गंमत सांगतायत. आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, अँबॅसिडर तेव्हा अठरा वर्षं गोठ्यामागच्या शेडमध्ये कडब्याखाली उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर मांजरांची कितवी तरी पिढी नांदत होती. मी म्हटलं, "आत्या, ती जागची हलली तर बघू." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत मेथीत मान घातली. आत्या कुठलीच गोष्ट दोनदा सांगत नाहीत. हे मला लग्नाला सात वर्षं होऊनही लक्षात राहिलेलं नाही.

गंमत होती ती अशी. मेंढरांमागं फिरणं सोडून आबांनी ही गाडी घेतली आणि अंथुर्णे ते बारामती वडाप धरलं, म्हणजे रस्त्यातली माणसं भाड्यानं न्यायला लागले. कालव्याच्या अलीकडचा लांब उतार आला की ते इंजिन बंद करायचे, बोर्डावरची चावी काढायचे आणि गाडीतल्या सगळ्यात लहान पोराच्या तळहातावर ठेवायचे. म्हणायचे, "घे. आता गाडी तू हाकतोस." बायका ओरडायच्या, पोरगं चावी मुठीत दाबून बसायचं, आणि गाडी आपली मुकाट्यानं पुलापर्यंत घरंगळत जायची. डिझेल वाचायचं, शिवाय हशा. तिच्या त्या जुन्या रचनेत चावी असो नसो, स्टिअरिंगचं चाक वळायचं आणि ब्रेक लागायचा. वीस वर्षांत कुणाला खरचटलं नाही. आजही बारामतीच्या बाजारात चाळिशीतला एखादा माणूस मला थांबवून सांगतो, तुमच्या आबांची गाडी मी चालवलीय, चौथीत असताना.

दिवाळीनंतर सुयोगने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ती गाडी बाहेर काढली. तो एमआयडीसीत पेंट शॉपला आहे. ड्युटी झाली की लखनच्या गॅरेजमध्ये तो पत्रा ठोकायचा, गंज खरवडायचा, घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर पत्र्यात भरायच्या लांबीची पांढरी पूड असायची. सगळं जमलं, इंजिन जमेना. ते आतून जाम झालं होतं आणि ब्लॉकला चीर गेली होती. आबांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "पत्रा बदल, काचा बदल. इंजिनाला हात लावलास तर गाडी माझ्या दारात आणू नको."

त्याने हात लावला. अपघातात चेपलेल्या एका नव्या डिझेल गाडीचं इंजिन काढून त्याने आणि लखनने ते अँबॅसिडरमध्ये बसवलं. त्याच्यासोबत चाकामागचा गिअर जाऊन पाच गिअरचा दांडा खाली आला, नवे ब्रेक आले, चावी बोर्डावरून चाकाच्या डाव्या बाजूला आली. आबांना सांगितलं गेलं की गिअर आणि वायरिंग तेवढं बदललंय, इंजिन तेच आहे, फक्त उघडून साफ केलंय. बॉनेट उघडू म्हणाले तर सांगायचं, त्याची कळ अजून बसायचीय. आबांना हल्ली उजव्या कानानंच थोडं ऐकू येतं, त्यामुळे आवाजाची भीती नव्हती.

या खोटेपणात सगळ्यात मोठं आश्चर्य दादासो भावजींचं. दोन वर्षांपूर्वी ही गाडी भंगारात घाला म्हणून आरडाओरडा करणारे माझे थोरले दीर आता सुयोगच्या बाजूनं उभे राहिले. गाडी लग्नाच्या वरातींना भाड्यानं लावायची त्यांची कल्पना होती. नव्या इंजिनाचा नंबर चढलेलं गाडीचं आरसी पुस्तक त्यांनी स्वतःच्या कपाटात, कीटकनाशकांच्या पावत्यांखाली ठेवलं. ज्या दोन भावांनी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वर्षभर एकमेकांना नावानं हाक मारली नव्हती, ते एका खोट्यावर एक झाले. मला ते बघून बरंच वाटलं होतं, हे मी इथं कबूल करते.

*

गाडी घरी आली तो रविवार. कालव्यापलीकडच्या बिरोबाच्या देवळापर्यंत तिची पहिली फेरी न्यायची आणि तिथं नारळ फोडायचा, असं ठरलं होतं. चालवणार आबा. शेजारी सुयोग. मागं आमची सृष्टी, पाच वर्षांची, कारण घरातल्या पोरीच्या पायानं गाडी निघावी असं आबांचं म्हणणं. बाकीचे भावजींच्या पिकअपमधून.

लखन गाडी पोचवायला आला होता. मी त्याला पोहे दिले. निघताना ताटली परत देत तो सहज म्हणाला, "वैनी, एक सांगून ठिवतो. ह्येला आता स्टिअरिंग लॉक हाय. चालत्या गाडीत चावी काढायची न्हाय, चाक जाम हुतं. आन इंजिन बंद झालं की ब्रेकबी दोनदा लागतो, तिसऱ्यांदा दगड. सुयोगला म्हाईत हाय म्हणा."

मी बरं म्हटलं. ताटली मोरीत ठेवली, नळ सोडला, आणि पाणी ताटलीवरून सांडत असताना मला मेथी निवडणाऱ्या आत्या दिसल्या.

सुयोग बाहेर आरशाला झेंडूची माळ बांधत होता. मी त्याच्या जवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, आबांना आत्ता सांगा.

"काय सांगू?"

"इंजिनाचं. चावीचं."

त्याने पिकअपकडे पाहिलं. तिथं भावजी सतरंजी अंथरत होते. "मी शेजारीच बसणार हाय. चावीवर हात ठिवून बसतो, मग तर झालं? आबा आता असलं काय करत न्हाईत गं, म्हातारे झाले."

मी भावजींकडे गेले. थोरल्या दिराशी आपणहून बोलायला मी सहसा जात नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग सतरंजीची सुरकुती पायानं सारखी करत म्हणाले, नारळ फुटू दे, मग मीच सांगेन, सगळं माझ्या अंगावर घेईन. दहा मिनिटांचा तर प्रश्न. त्यांनी मला समजावलं तेही इतक्या प्रेमानं की मी मान हलवून आत निघून आले.

स्वयंपाकघरात संजीवनीताई, माझ्या जाऊबाई, नैवेद्याच्या पुरणपोळ्या डब्यात भरत होत्या. पाण्याच्या पाळीच्या भांडणानंतर आम्ही दोघी मीठ संपलं, गॅस संपला, एवढंच बोलायचो. का कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी गॅस बारीक केला. म्हणाल्या, "सृष्टीला ताप आलाय म्हण. मी सांगते समद्यांना, मी हात लावून बघितला म्हणते." वर्षभरात त्या माझ्या बाजूनं बोललेलं ते पहिलं वाक्य.

पण बाहेर येऊन बघतो तर ताप आलेली पोरगी पिवळा फ्रॉक घालून पुढच्या सीटवर उभी, हॉर्नवर दोन्ही हात. आणि आबा गाडीभोवती फिरत होते.

फेटा, धुतलेली बंडी, नवं धोतर. त्यांनी दिव्यांवरून हात फिरवला, दाराच्या कडेवरून फिरवला. लखनने चालू करून ठेवली होती. आबा बॉनेटपाशी आले आणि त्यांनी उजवा तळहात त्यावर टेकवला. बराच वेळ टेकवला. डोळे मिटलेले. मी गाडीत शेजारच्या सीटवर बसलेल्या सुयोगकडे पाहिलं, सुयोगने भावजींकडे, भावजी जमिनीकडे. आत्या उंबऱ्यात उभ्या राहून पदराचं टोक पिळत होत्या.

"ब्येस चाललंय," आबा म्हणाले. मग सुयोगला म्हणाले, "तू उतर. मी आन नात."

मला वाटलं, आता हा बोलेल. कंपनीत सुपरवायझरशी तोंडावर भांडून आलेला माणूस आहे. तो दार उघडून मुकाट्यानं उतरला. मला त्याचा त्या क्षणी जेवढा राग आला तेवढा कधीच आला नसेल, पण रागावत बसायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "आबा, तिला गाडी लागते. मी पुढंच घेऊन बसते."

"बस की," आबा म्हणाले. "जागा लई हाय."

*

मी ठरवलं होतं, शाळेच्या आत सांगायचं. घरापासून शाळा, शाळेपासून उसाचे फड, मग चढ आणि मग तो उतार. शाळेपर्यंत तीन-चार मिनिटं. वाक्यही तयार होतं.

शाळेच्या कोपऱ्यावर पारावरची माणसं उठून उभी राहिली. गेणू न्हाव्याने हातातल्या वस्तऱ्यासकट हात वर केला. कुणीतरी ओरडलं, "सावळारामआबा, बारामती का?" आबांनी हॉर्न दिला. त्यांची मान अशी ताठ मी कधी पाहिलेली नव्हती. दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या पंगतीत ते नेहमी कडेला उभे असतात, कान पुढं करून. त्या कोपऱ्यावर सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. मी वाक्य पुढं ढकललं. म्हटलं, फड आला की.

फडात समोरून ट्रॅक्टर आला. मग दुसरा. म्हटलं, चढाला.

चढ कधी संपला ते कळलं नाही. गाडीचा आवाज थांबला तेव्हा मला आधी वाटलं की माझेच कान बंद झाले. नुसता टायरचा आणि वाऱ्याचा आवाज. खाली पूल, पुलाच्या तोंडाशी रस्ता उजवीकडे वळलेला, आणि पुलावर उसाची भरलेली ट्रॉली, हळूहळू.

"सृष्टे," आबा म्हणाले, "हात फुडं कर."

माझ्या मांडीवरच्या पोरीनं तळहात पसरला. आबांची बोटं चावीवर होती. ती बाहेर ओढली जाणार एवढ्यात मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दाबून धरला.

सात वर्षांत मी सासऱ्यांच्या हाताला हात लावलेला नाही. चहा देताना कप खाली ठेवते, ते उचलतात. माझ्या तळहाताखाली त्यांची बोटं खरखरीत आणि गार होती, आणि ती सुटायला धडपडत होती.

"काढू नका. आबा, काढू नका, चाक अडकतंय."

त्यांनी ऐकलं का, की माझं तोंड पाहिलं, ठाऊक नाही. पण बोटं थांबली. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी जराशी धरल्यासारखी झाली. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा त्यांचा पाय तसाच वर राहिला, जणू पायाखाली धोंडा ठेवलाय. ट्रॉलीच्या मागचे उसाचे शेंडे मला मोजता येतील इतके जवळ आले होते.

"मोना," आबा अगदी सावकाश म्हणाले, "चावी फुडं फिरव."

मी फिरवली. त्यांनी गिअर टाकून क्लच सोडला. गाडीनं असा गचका दिला की सृष्टीचं कपाळ माझ्या हनुवटीवर आपटलं. इंजिन धरलं. पाठोपाठ ब्रेकही मऊ झाला. ट्रॉलीच्या अलीकडं चार-पाच हातांवर गाडी उभी राहिली आणि ट्रॉली तिच्या वेगानं, काही न कळता, पूल ओलांडून गेली.

*

मागच्या पिकअपमध्ये काय चाललं होतं ते मला संजीवनीताईंनी सांगितलं. अँबॅसिडरच्या नळीतला धूर थांबलेला सगळ्यात आधी सुयोगला दिसला. तो मागच्या हौद्यात उभा होता. त्याने टपावर हात आपटायला सुरुवात केली, भावजींनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही, आणि आबांना ते काहीच ऐकू येत नव्हतं. आत्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्या देवाला काही मागत नव्हत्या. ताई म्हणाल्या, त्या एवढंच पुटपुटत होत्या, "सांगितलं हुतं, सांगितलं हुतं."

*

आबांनी गाडी कडेला घेतली. आधी सृष्टीचं कपाळ पाहिलं, अंगठ्यानं चोळलं. ती रडत नव्हती. तिला अजून चावी हवी होती.

"कुठल्या गाडीचं हाय?" त्यांनी विचारलं.

"काय, आबा?"

"इंजिन."

मी सांगितलं. कुठल्या गाडीचं, कुणी बसवलं, केव्हापासून. सांगताना माझ्याच लक्षात आलं की मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून, लहान मुलाला सांगतात तसं सांगतेय. त्यांनी मधेच मान हलवली.

"मला सकाळीच कळलं. हात ठिवला तवा. तिची थरथर माझ्या हाडात हाय, ही दुसरीच." पुलाकडं बघत ते बोलत राहिले. "मेंढीचं कोकरू मेलं ना, तर आमी त्याचं कातडं काढून दुसऱ्या बिनआईच्या कोकराच्या पाठीवर बांधायचो. मेंढी हुंगायची आन पाजायची. बानेटवर हात ठिवला आन म्हणलं, पोरांनी मलाबी हुंगाय सोडलंय. मेहनत केलीय लेकरांनी. म्हणलं, बरं. पाजू."

 जे मनात होतं तेच मी विचारलं. "मग चावी का काढत होतात?"

ते माझ्याकडे वळले.

"इंजिन दुसरं हाय हे हाताला कळलं. चावी काढली की चाक अडकतं हे हाताला कसं कळावं? त्ये सांगाय माणूस लागतं." आणि मग, "तुला ठावं हुतं?"

"सकाळपासून."

"आन घरापास्नं हितवर गप बसलीस."

मागून सुयोग धावत येत होता. आबांनी गाडी गिअरमध्ये टाकली आणि त्याची वाट न बघता पूल ओलांडला.

देवळात सगळं रीतसर झालं. नारळ भावजींनी फोडला. आबांनी भंडारा मूठभर घेऊन बॉनेटवर उधळला, दोन्ही मुलांच्या कपाळाला लावला, संजीवनीताईंच्या लावला. माझ्यापाशी आले तेव्हा भंडाऱ्याची वाटी सृष्टीच्या हातात दिली आणि म्हणाले, "तू लाव तुझ्या आईला." मी त्यांच्या हाताला हात लावला म्हणून, की गप्प बसले म्हणून, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

घरी आल्यावर भावजी माझ्यावर चिडले. दहा मिनिटं थांबली असतीस तर नारळ फुटला असता, सगळं शांतपणे सांगितलं असतं, आता बापाच्या मनात कायमचं बसलं. सुयोग बाजूला उभा होता. नवऱ्याने तोंड उघडावं म्हणून मी वाट पाहिली. ताईंनी गॅसवरून मान वर न करता म्हटलं, "दहा मिन्टं थांबली असती तर तुमी आता तिरडी बांधत असता." भावजी चपला घालून डाळिंबाच्या बागेत निघून गेले. सुयोग आबांपुढं जाऊन बसला आणि म्हणाला, उद्याच्या उद्या लॉक काढून टाकतो, आबा, पाच मिनिटांचं काम आहे.

"आता तिला कुणी हात लावायचा न्हाय," आबा म्हणाले. चावी बंडीच्या आतल्या खिशात होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीला माझ्या गाडीत बसवू नको हितनं फुडं."

हा राग होता की काळजी, यावर मी आणि संजीवनीताई रोज भाकरी करताना बोलतो. त्या म्हणतात काळजी. मी एक दिवस राग म्हणते, एक दिवस काळजी.

याला आता तीन आठवडे झाले. आबा रोज सकाळी चहा घेतात आणि गाडी काढतात. वडाप पुन्हा चालू झालंय. भाडं घेत नाहीत. रस्त्यात टोपलंवाली बाई दिसो, कॉलेजची पोरं दिसोत, गाडी थांबते. पहिले चार दिवस सुयोग मोटारसायकलवर मागून जायचा, मग त्याची कंपनीतली पाळी बदलली. मोबाईल खिशात असतो पण तो त्यांना ऐकू येत नाही. आत्यांनी मला सांगितलं की ते आता उतारावर दोन्ही हात चाकावर ठेवतात. मी विचारलं, तुम्ही पाहिलंत? म्हणाल्या, "न्हाय गं. म्हाताऱ्यानं मला शबूद दिलाय." शब्द हाताला पाळावा लागतो, आणि तो हात वीस वर्षं एकच काम शिकलेला. आमच्याशी ते पाणी दे, दार लाव, एवढंच बोलतात. गाडीतल्या लोकांशी म्हणे खूप बोलतात.

आज दुपार टळून गेली तरी आलेले नाहीत. ताटावर ताट झाकून ठेवलंय. सृष्टी दारात बसलीय आणि मी तिला आत बोलावत नाहीये, कारण तिला गाडी माझ्याआधी दिसते.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही बारामती-इंदापूर रस्त्यानं कुठं निघाला असाल आणि सायीच्या रंगाची अँबॅसिडर तुमच्यापुढं थांबली, तर बसा. गाडी चांगली आहे. मी पाठवलं असं म्हणू नका. ते काय सांगतील ते ऐका, गोष्टी छान सांगतात. फक्त उतरताना त्यांच्या उजव्या कानाशी वाकून, मोठ्यानं विचारा, आबा, जेवलात का, आणि घरी कधी जाणार? ते काय म्हणाले ते मला कळवा. काहीही म्हणाले असले तरी कळवा.